विहिरीवरची बाई आणि केडगावचं मुक्ती

आपल्या रेडिओवर आज इतिहासातली एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट पंडिता रमाबाईंची आहे. नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेलं असेल. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन-चार ओळी असतात: संस्कृत जाणणारी विदुषी, विधवांसाठी शारदासदन, नंतर ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एवढ्यावर धडा संपतो. मला आज त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबायचं आहे. रमाबाईंनी धर्म का बदलला, त्यातून त्यांना काय मिळालं आणि जे मिळालं त्याचं त्यांनी रोजच्या जगण्यात काय केलं, हे बघायचं आहे.

आपल्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. ख्रिस्ती भगिनीही आहेत. कोणाला कुठल्या धर्माकडे ओढण्यासाठी हे बोलत नाही. पण माणूस पार खचून गेल्यावर पुन्हा उभा कशाच्या जोरावर राहतो, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. रमाबाईंचं उत्तर त्यांच्या श्रद्धेतून आलं. ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात भुकेपासून करावी लागते. रमाबाईंचा जन्म एप्रिल 1858 मधला, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला आणि रानात आश्रम करून राहिले. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला पहाटे उठवून संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला लहानपणीच तोंडपाठ झाले. पुढे घरची स्थिती ढासळली. कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं, असं त्यांचं फिरतं जीवन झालं.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसं उरली नाहीत आणि दान द्यायला धान्य उरलं नाही. होतं-नव्हतं ते विकून झालं. व्रतं केली, उपास केले, ब्राह्मणांना दान दिलं, देवाला साकडं घातलं. झाडाचा पाला आणि पाणी यावर दिवस काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन. शास्त्र्याच्या मुलानं मजुरी करायची, हे त्या काळी केवढं मोठं पाऊल होतं! पण वडील फार दिवस जगले नाहीत. काही महिन्यांत आईही गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतला प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. आईला खायला काहीतरी मागायला ही तरुण मुलगी शेजारच्या दारात गेली. पण तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईला कळलं, तिनं भाकर दिली. ती खायचीही ताकद आईत उरली नव्हती. आई गेल्यावर तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघं जण आले, तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंचा. त्या ठेंगण्या होत्या, खांद्याची उंची जुळेना, म्हणून आईच्या तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. थोड्याच काळात मोठी बहीणही गेली.

हे मुद्दाम सांगितलं. पुढे केडगावला रमाबाईंनी जे केलं त्याचं मूळ इथं आहे. दारात उभं राहून मागताना शब्द न फुटणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मग बहीण-भाऊ दोघंच पायी देशभर फिरत राहिले. थंडीत पांघरूण नसायचं. झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून, फक्त डोकं बाहेर ठेवून ते झोपले. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण देवावरचा जुना विश्वास तोवर पार विरून गेला होता. एवढी व्रतं करून आई-वडील उपाशी गेले, याचं उत्तर त्यांना मिळत नव्हतं. शिवाय शास्त्रं वाचता वाचता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बाईला आणि शूद्राला मोक्षाचा थेट अधिकार त्यांत फारसा दिसत नव्हता. बाईनं नवऱ्याला देव मानावं, हाच तिचा मार्ग, असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. एवढी शिकलेली बाई, आणि तिच्यासाठी दार बंद.

1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. आसामात सिल्चरला संसार थाटला. तिथं घरातल्या पुस्तकांत एक छोटं बंगाली पुस्तक त्यांच्या हाती लागलं. ते लूकचं शुभवर्तमान होतं, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा एक भाग. त्यांना ते आवडलं. नवऱ्याला मात्र ख्रिस्ती होण्याचा विचार पसंत नव्हता. 1881 मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी.

आता इथं विचार करा. आपल्या गटात अशी बाई आली तर आपण तिला काय सांगू? धीर धर, लेकीकडे बघ, असंच काहीतरी. रमाबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि बाकीच्यांच्या लेकींकडेही पाहिलं. त्या पुण्याला आल्या. त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर यांची गरज त्यांनी ठासून मांडली. मग स्वतः डॉक्टरकी शिकायला 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. पण त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे डॉक्टर होणं राहून गेलं.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी त्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक काम होतं. ज्या बायांना समाजानं 'वाईट चालीच्या' म्हणून टाकून दिलं होतं, त्यांना तिथं आसरा होता. रमाबाई तिथं गेल्या आणि थक्क झाल्या. वाट चुकलेल्या बाईला शिक्षाच द्यायची, हाकलायचंच, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. इथं तिच्याशी कोणी मायेनं वागत होतं. ती सुधारून पुन्हा इतरांची सेवा करत होती. त्यांनी एका भगिनीला विचारलं की तुम्ही हे का करता? तेव्हा त्या भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट आपल्याला अगदी कळण्यासारखी आहे. भर दुपारची वेळ. येशू चालून दमलेला, विहिरीच्या काठावर बसलेला. शमरोनाच्या गावातली एक बाई घडा घेऊन पाण्याला आली. येशू यहुदी. यहुदी लोक शमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्यातलं पाणी घेणं तर दूरच. तरी येशूनं तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. ती चकित झाली. तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी मागता? मग दोघांचं बोलणं झालं. तिची पाच लग्नं झाली होती आणि आता ज्याच्याकडे राहत होती तो तिचा नवरा नव्हता. हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण त्यानं तिला हिणवलं नाही. ज्यानं तहान कायमची भागते असं जिवंत पाणी मी देईन, असं तो म्हणाला. देवाची खरी भक्ती या डोंगरावर किंवा त्या शहरात अडकलेली नाही, हेही त्यानं तिलाच सांगितलं. ती बाई घडा तिथंच टाकून गावात धावली आणि सगळ्यांना बोलावून घेऊन आली.

मैत्रिणींनो, बाया पाण्याला सकाळी किंवा सांजेला जातात, घोळक्यानं जातात. एकटी बाई टळटळीत उन्हात पाण्याला का येते, हे खेड्यात वाढलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. इतर बाया असतात तेव्हा तिला जायचं नसतं. तिच्याविषयी कुजबुज होते, ती तिला नको असते. बायबलमध्ये हे कारण लिहिलेलं नाही, पण पाणवठ्यावरचं वागणं ज्यांना माहीत आहे त्यांना ते जाणवतं. आणि पाणवठ्यावरच्या शिवाशिवीची गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीत नाही?

जातीनं खालची मानलेली, नवऱ्यांच्या हिशेबानं बदनाम, त्यात बाई. अशा तिघी जणू एकाच बाईत. आणि देवाच्या गोष्टी बोलायला येशूला तीच योग्य वाटली. शास्त्रांनी जे दार रमाबाईंना बंद सांगितलं होतं, ते इथं एका विहिरीच्या काठी उघडं दिसलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. अनेकांना तो विश्वासघात वाटला. महात्मा फुल्यांनी मात्र 1885 मधल्या 'सत्सार' मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. एक गोष्ट मात्र टीकाकारांच्या लक्षात आली नाही. रमाबाईंनी धर्म बदलला, डोकं गहाण ठेवलं नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्या पत्रांतून कडकडून भांडत. चर्चमध्ये अमुक मानलंच पाहिजे असं सांगितलं की त्या कारण विचारत. गळ्यात घालायच्या क्रुसावरची लॅटिन अक्षरं त्यांना नको होती. आपली संस्कृत काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. येशूला मानलं म्हणून इंग्रजांची रीत मानलीच पाहिजे असं त्यांना वाटत नव्हतं.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला हजर राहिल्या. 1887 मध्ये भारतातल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. बोस्टनच्या लोकांनी विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं. सुरुवातीच्या मुलींत गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. हिंगण्याचं मोठं काम कर्व्यांनी उभं केलं, त्यात आनंदीबाईंचा वाटा मोठा. एका विधवेसाठी दार उघडलं की किती दारं उघडत जातात, ते यावरून कळावं.

आता आशेबद्दल. बाप्तिस्मा घेतला आणि रमाबाईंचं मन लगेच शांत झालं, असं घडलं नाही. हे त्यांनी स्वतः 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत मोकळेपणानं सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. नियम, मतं, वादविवाद सगळं कळत होतं, पण मनाला आधार सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी सापडला. आपण जसे आहोत तसे, कमावलेल्या पुण्याशिवाय, देवानं आपल्याला आधीच जवळ घेतलं आहे, हे तेव्हा त्यांच्या मनाला पटलं. व्रतं मोजून, उपास मोजून देवाला राजी करायचा जो हिशेब लहानपणापासून चालला होता, तो तिथं मिटला.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यालाही वाटतं की एकदा श्रद्धा ठेवली की सगळं बरं होईल. झालं नाही तर आपलंच काही चुकलं असं वाटून बाई आणखी खचते. रमाबाईंचं आयुष्य सांगतं की श्रद्धेलाही वेळ लागतो. मधल्या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. त्यांनी पुस्तक लिहिलं, शाळा काढली, मुली शिकवल्या. मन अजून चाचपडत होतं तरी हात कामाला लागलेले होते.

शारदासदन 1890 मध्ये पुण्याला आलं होतं. संस्थेत धर्माची सक्ती नव्हती. मुलींना आपापल्या चालीरीती पाळायची मुभा होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. काहींना ख्रिस्ती व्हावंसं वाटू लागलं. 1893 मध्ये यावरून वादळ उठलं. 'केसरी'नं कडाडून टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की माझ्या घरात मी प्रार्थना दार लावून का करू? पालकांचं म्हणणं असं की लेक शिकायला पाठवली होती. दोन्ही बाजूंना आपापलं कारण होतं. पण त्यात नुकसान झालं ते शाळेतून परत नेलेल्या मुलींचं.

संस्था बंद पडेल असं अनेकांना वाटलं. ती बंद पडली नाही. आणि तीन वर्षांनी जे संकट आलं त्यात रमाबाईंचं सगळं आयुष्य एका जागी येऊन मिळालं.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी कळताच रमाबाई तिकडे गेल्या. तिथल्या गरीबखान्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. धान्याच्या आशेनं आलेल्या तरुण मुलींना पळवून नेणारे दलाल पाहिले. ज्यांनी राखण करायची तेच मुलींचा गैरफायदा घेताना पाहिले. वीस वर्षांपूर्वीची आपलीच भूक त्यांना पुन्हा भेटली. त्या मुलींना घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे मुली-बाया त्यांनी आणल्या. पण पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, शहरात एवढी माणसं ठेवता येईनात. तेव्हा पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी आधी घेऊन ठेवलेली जमीन कामी आली. मूळ विचार असा होता की फळबाग लावून शारदासदनाचा खर्च भागवावा. त्याच उजाड माळावर तंबू आणि गवताचे छप्पर टाकून मुलींना ठेवलं. तिथं 1898 पासून 'मुक्ती' उभं राहिलं. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला आणि आणखी शेकडो जणी आल्या. 1900 च्या सुमारास तिथली वस्ती 2,000 च्या जवळ गेली होती.

दोन हजार माणसांची रोजची भाकरी म्हणजे काय? आपल्याला हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाला शंभर बायांचा चहा करताना दमायला होतं. इथं रोजचं दळण, रोजचं सरपण, रोजचं पाणी. कोरडा मुलूख, म्हणून विहिरी खणल्या. आलेल्या मुली अशक्त, अंगावर खरूज, डोक्यात उवा. कितीतरी जणी अन्न दिसलं की ओरबाडायच्या, लपवून ठेवायच्या. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. काही इतक्या खंगलेल्या होत्या की वाचल्या नाहीत.

इथं आशा शिकवायची म्हणजे प्रवचन देऊन भागणार नव्हतं. आज भाकरी मिळाली, उद्याही मिळाली, परवाही मिळाली, तेव्हा त्या मुलीनं भाकरी लपवणं थांबवलं असेल. आशा तिथून सुरू होते. मग अक्षरओळख. मग हाताला काम. मुक्तीत विणकाम होतं, शिवण होतं, तेलघाणा होता, दूधदुभतं होतं, शेती आणि फळबाग होती, धोबीकाम होतं, छापखाना होता. बाया खिळे जुळवायच्या, यंत्र चालवायच्या, पुस्तकं बांधायच्या. अंध मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली जाई. त्या कामात मनोरमा पुढे होती. म्हाताऱ्यांना जागा होती. ज्यांना कुठंच थारा नव्हता, ज्यांची अब्रू गेली असं लोक म्हणत, त्यांच्यासाठी 'कृपासदन' होतं. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते केडगावच्या माळावर उतरलं. विहिरीवरची ती दुपारची बाई इथं शेकड्यांनी आली होती आणि तिच्यासाठी इथं खरोखर विहीर होती.

रमाबाईंकडे मोठी ठेव नव्हती, सरकारी अनुदान नव्हतं. देणग्या येत, कधी भरपूर, कधी तुटपुंज्या. त्या म्हणत की देव पुरवील. पण पुरवील म्हणून हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. सकाळची प्रार्थना झाली की विहीर, घाणा, माग, छापखाना सुरू. प्रार्थना आणि काम त्यांनी वेगळं ठेवलं नाही. दिवस प्रार्थनेनं सुरू करणाऱ्या आपल्या ख्रिस्ती भगिनींना हे नवं नाही. आणि वारकरी घरातल्या बाईला जात्यावरची ओवी माहीत आहे, तिलाही ते परकं वाटणार नाही.

आता एक अवघड प्रश्न. तो टाळून पुढं जाणं बरोबर नाही. मुक्तीत आलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या. त्या काळीही लोक विचारत आणि आजही विचारतात: भुकेल्या मुलीला भाकरी देणाऱ्याचा धर्म ती खरंच स्वखुशीनं निवडते का? प्रश्न रास्त आहे. मदत आणि धर्म एका ताटात वाढले की घेणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. पण दुसऱ्या बाजूनंही विचारलं पाहिजे. त्या मुलींना न्यायला त्या वेळी दुसरं कोण आलं होतं? दलाल आले होते. रमाबाई आल्या. ज्या समाजानं त्या मुलींना मोजलंच नाही, त्यानं नंतर त्या कुठल्या मोजणीत गेल्या यावर भांडावं, हे मला पुरतं पटत नाही. तुम्ही आपल्या बैठकीत यावर बोला. वेगवेगळी मतं येतील आणि आलेली बरी.

रमाबाई असामान्य विदुषी होत्या. आपल्यासारख्यांचं काय, असं कोणी म्हणेल. म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करते. त्यांचं शिक्षण जेमतेम. नवरा नारायण वामन टिळक, मोठे कवी. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या, नातलगांच्या आधारानं राहिल्या. मग नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. कोणी सांगितलं म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. आपल्या मनाशी झगडून, जातिभेद देवानं केलेला नाही हे स्वतःला पटल्यावरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनाथ पोरं घरात घेतली, रोग्यांची सेवा केली, नवऱ्याच्या अव्यवहारी दानशूरपणातून संसार रेटला आणि हे सगळं 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात हसत हसत लिहिलं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर अपुरं राहिलं होतं. त्याचा उरलेला मोठा भाग या कमी शिकलेल्या बाईनं लिहून काढला. टिळकांनी येशूची भजनं आपल्या अभंगाच्या चालीवर आणली. आज मराठी मंडळ्यांत 'उपासना संगीत' हातात घेऊन ती गायली जातात, तेव्हा टाळ-मृदुंगाची ओळख असलेल्या कानाला ती आपलीच वाटतात.

रमाबाईंनाही हीच काळजी होती की देवाचं वचन साध्या बाईला कळलं पाहिजे. त्या वेळचं मराठी बायबल त्यांना जड वाटे. संस्कृत शब्दांचं ओझं खेड्यातल्या बाईला पेलणार नाही, हे संस्कृतच्या पंडितेनं ओळखलं. मूळ ग्रंथ वाचायला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. उतारवयात वर्षानुवर्षं बसून सोप्या मराठीत सगळं बायबल उतरवलं. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायांच्या हातांनी ते छापलं गेलं. ज्या मुली दुष्काळात अक्षरशत्रू म्हणून आल्या होत्या, त्याच खिळे जुळवत होत्या.

जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. ती आईच्या कामाचा उजवा हात होती. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती एक लेक. रमाबाईंनी सगळे पोचवले. श्रद्धेमुळे त्यांची माणसं वाचली नाहीत. तशी हमी त्यांच्या श्रद्धेनं दिलीही नव्हती. लेक गेल्यावरही त्या भाषांतराचं काम करत राहिल्या, ते पूर्ण केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

तरुणपणी आईची तिरडी डोक्यावर वाहणारी ती मुलगी आणि म्हातारपणी लेकीमागे राहून कागदावर वाकलेली ती बाई, दोघींचं दुःख सारखंच होतं. फरक एवढाच की पहिलीला वाटत होतं, देवानं आपल्याकडे पाठ फिरवली. दुसरीची खात्री होती की तो दुःखात आपल्या शेजारी बसला आहे, विहिरीच्या काठावर बसला होता तसा, दमलेला, पाणी मागणारा. ख्रिस्ती श्रद्धेतली आशा रमाबाईंना अशी कळली होती. संकट टळेल ही आशा त्यात नव्हती. संकटात आपण टाकलेले नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला टाकायचं नाही, ही होती.

आता आपल्याकडे येऊ. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करायच्या. शासनानंही नंतर इतर गावांनी तसं करावं म्हणून सांगितलं. रमाबाईंना शंभर वर्षं होऊन गेल्यावर आपण हा ठराव करत आहोत. उशीर झाला, पण झालं हे चांगलं.

ठराव कागदावर राहू नये म्हणून आपल्या गटानं एक काम करावं, असं सुचवते. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले की पाच मिनिटं थांबा आणि विचारा: आपल्या गावात दुपारी एकटी पाण्याला जाणारी बाई कोण आहे? नळ आले असतील, पण ती बाई अजून आहे. नवऱ्यानं टाकलेली असेल, विधवा असेल, जिच्याविषयी लोक काहीबाही बोलतात ती असेल, अंगणवाडीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसणारी असेल. ती कुठल्या गटात नाही, कारण तिला कोणी बोलावलं नाही. तिच्याकडे जा. उपदेश करू नका. तिच्या घरचं पाणी मागून प्या, थोडं बसा आणि मग गटात यायचं निमंत्रण द्या. पहिल्या महिन्याची बचत भरायला तिच्याकडे नसेल तर काय करायचं, तेही आधी ठरवून जा.

ख्रिस्ती भगिनींना त्यात आपल्या प्रभूची आज्ञा दिसेल, कोणाला विठ्ठल दिसेल, कोणाला नुसती माणुसकी. तिला मात्र एकच गोष्ट दिसेल, की आज कोणीतरी आपल्या दारी आलं.

एवढं बोलून थांबते.